शंकर गुहा नियोगी : माता-बालकांच्या आरोग्याला लढ्यात स्थान देणारे कामगार नेते

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर देशाला पोलादनिर्मितीसाठी परिचित आहे. तत्कालीन सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. याच शहरात २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेत असताना गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. वेतनवाढ, बोनस आणि नोकरीतील सुरक्षितता यांसाठी त्यांनी दिलेले लढे सर्वज्ञात आहेत. मात्र कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून एक रुग्णालय उभे राहिले आणि त्याचे मूळ एका बाळंतिणीच्या मृत्यूत होते, ही बाब तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे.

आईचे आणि तान्ह्या बाळाचे आरोग्य केवळ औषधांवर अवलंबून नसते. आईला मिळणारा आहार, विश्रांती, मजुरी, स्वच्छ पाणी आणि बाळाला पाजण्यासाठी मिळणारा वेळ यांवरही ते अवलंबून असते. नियोगी यांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहिल्यास त्यांच्या जीवनाचा एक वेगळा पैलू समोर येतो.

धीरेशचा शंकर झाला

नियोगी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ रोजी एका बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव धीरेश. बालपणाचा काही काळ आसाममध्ये गेला, तर शिक्षण उत्तर बंगालमधील जलपायगुडी येथे झाले. विद्यार्थिदशेतच ते डाव्या विचारांच्या चळवळीकडे आकृष्ट झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी रोजगाराच्या शोधात ते भिलाईला आले आणि पोलाद कारखान्यातील कोक भट्टी विभागात काम करू लागले. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले हजारो तरुण त्या काळात या नव्या नगरीत स्थिरावत होते. त्यांत विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांचाही समावेश होता. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडशी असलेला मराठी माणसाचा संबंध या औद्योगिक नगरीमुळे अधिक दृढ झाला.

कारखान्यातील कामगारांना संघटित केल्यामुळे नियोगी यांना नोकरी गमवावी लागली. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत, बहुतांशी भूमिगत राहून काढली. मिळेल ते काम करीत त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली. याच काळात त्यांनी शंकर हे नाव धारण केले. दानीटोला येथील दगडखाणीत मजुरी करीत असताना आशा या आदिवासी तरुणीशी त्यांचा विवाह झाला. शहरातून आलेला कार्यकर्ता ही त्यांची ओळख हळूहळू पुसली गेली आणि मजुरांनी त्यांना आपल्यातलाच एक म्हणून स्वीकारले. आणीबाणीत त्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली अटक झाली. सुमारे १३ महिन्यांनी ते तुरुंगातून बाहेर आले, तेव्हा दल्ली राजहरा येथील खाणकामगारांना नव्या नेतृत्वाची गरज भासत होती.

दल्ली राजहरातील मायलेकरे

दल्ली राजहरा हे गाव आता बालोद जिल्ह्यात असून त्या काळी ते मध्य प्रदेशातील दुर्ग जिल्ह्यात समाविष्ट होते. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज येथील डोंगरांतून काढले जात असे. यंत्रांचा वापर होत असलेल्या खाणींत नियमित कामगार होते, तर हाताने खनिज फोडण्याचे आणि भरण्याचे काम ठेकेदारांकडील मजूर करीत. या मजुरांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. नवरा-बायकोने जोडीने काम करायचे, पुरुषाने दगड फोडायचा आणि स्त्रीने तो डोक्यावरून वाहून गाडीत भरायचा, अशी पद्धत सर्वत्र रूढ होती.

अशा कामात गरोदर स्त्रीची आणि अंगावर पाजणाऱ्या मातेची अवस्था सहज कल्पनेत येऊ शकते. वास्तविक १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कारखाने आणि मळ्यांबरोबरच खाणींतील स्त्रियांनाही १२ आठवड्यांच्या भरपगारी रजेचा हक्क दिला होता. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी कामाच्या वेळेत रोज दोनदा सुटी देण्याची तरतूदही त्यात होती. परंतु ज्यांची नावे हजेरीपटावर धड नोंदली जात नव्हती, त्या ठेकेदारी मजुरांपर्यंत कायद्याचे लाभ पोहोचणे कठीण होते. काम बंद म्हणजे मजुरी बंद, असा सरळ हिशेब होता. परिणामी बाळंतीण अंगात ताकद येण्यापूर्वीच पुन्हा डोंगरावर चढत असे आणि तान्हे मूल मोठ्या भावंडाच्या स्वाधीन होत असे.

मार्च १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाची स्थापना झाली. नियमित कामगारांना ३०८ रुपये आणि ठेकेदारी कामगारांना ७० रुपये बोनस देण्याच्या समझोत्याविरुद्धचा रोष हे त्याचे तात्कालिक कारण होते. पावसाळ्यापूर्वी झोपड्यांच्या दुरुस्तीसाठी भत्ता मिळावा, ही मागणीही पुढे आली. गळक्या झोपडीत पावसाळा काढणे ही लहान मुलांच्या जिवाशी गाठ होती, हे लक्षात घेतल्यास त्या मागणीचे महत्त्व कळते. २ जूनच्या रात्री नियोगी यांना अटक झाली. त्यातून उद्भवलेल्या संघर्षात २ आणि ३ जून रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. मृतांत अनुसूयाबाई ही कामगार स्त्री आणि सुदामा हा लहान मुलगा यांचा समावेश होता. त्यानंतर मागण्या मान्य झाल्या. तेव्हापासून दरवर्षी ३ जूनला दल्ली राजहरात शहीद दिन पाळला जाऊ लागला.

कुसुमबाईंचा मृत्यू आणि प्रसूतिगृहाचा संकल्प

श्रमिक संघाच्या उपाध्यक्षपदी कुसुमबाई ही खाणकामगार स्त्री होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसूतीच्या वेळी तिचा मृत्यू झाला. तिला वेळीच योग्य उपचार मिळाले नाहीत, अशी कामगारांची भावना होती. हजारो कामगार रुग्णालयासमोर जमले. संतापाच्या भरात काही अनुचित घडण्याची शक्यता होती. तसे न होता, आपल्या कोणत्याही आईला असे मरण येऊ नये यासाठी स्वतःचे प्रसूतिगृह बांधण्याचा संकल्प तेथे करण्यात आला.

या निर्णयामागे नियोगी यांची एक ठाम धारणा होती. कामगार संघटनेने केवळ आठ तासांपुरते मर्यादित राहू नये, कामगाराच्या चोवीस तासांच्या जीवनाशी तिचा संबंध असावा, असे ते मानत. संघर्षाला निर्माणाची जोड असावी, हे त्यांच्या विचारांचे सूत्र होते. त्यानुसार श्रमिक संघात शिक्षण, आरोग्य, क्रीडा, संस्कृती, दारूबंदी, महिला असे १७ विभाग सुरू करण्यात आले. पुढे छत्तीसगड मुक्ती मोर्चा आणि महिला मुक्ती मोर्चा या संघटना स्थापन झाल्या. मोर्चाचा झेंडा लाल आणि हिरव्या रंगांचा होता. लाल रंग कामगारांचा आणि हिरवा शेतकऱ्यांचा.

दारूबंदीच्या मोहिमेकडे सामान्यतः नैतिक सुधारणा म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात मजुरीत वाढ झाल्यानंतर वाढीव पैसा दारूच्या दुकानात जात असल्याचे स्त्रियांनीच निदर्शनास आणून दिले होते. घरातील स्त्रिया या मोहिमेच्या अग्रभागी होत्या आणि हजारो कामगारांनी दारू सोडली. वाचलेला पैसा धान्य, डाळ आणि मुलांच्या खाण्यापिण्याकडे वळू शकला. दारूच्या व्यवसायात हितसंबंध असलेल्यांना हे अर्थातच रुचले नाही. १९८१ मध्ये नियोगी यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली पुन्हा अटक झाली.

कामगारांचे रुग्णालय

त्याच सुमारास डॉ. बिनायक सेन, डॉ. आशिष कुंडू, डॉ. शैबाल जाना हे तरुण डॉक्टर दल्ली राजहरात दाखल झाले. वस्त्यांमध्ये स्वच्छतेची मोहीम हाती घेण्यात आली. २६ जानेवारी १९८२ रोजी श्रमिक संघाच्या कार्यालयातच दवाखाना सुरू झाला. ३ जून १९८३ रोजी, म्हणजेच शहीद दिनी, रुग्णालयाचे उद्‌घाटन झाले. त्याला शहीद रुग्णालय असे नाव देण्यात आले. आरंभी तेथे १५ खाटा होत्या.

इमारतीसाठी कामगारांनी वर्गणी दिली आणि कामाच्या वेळेव्यतिरिक्त श्रमदान केले. मोठ्या देणगीदारांच्या मदतीवर विसंबून न राहण्याचे धोरण होते. पाळी संपवून आलेले खाणकामगार संध्याकाळी रुग्णालयात आरोग्य कार्यकर्ते म्हणून काम करीत. कामगारांच्या घरातील तरुण मुलींना परिचारिकेचे प्रशिक्षण देण्यात आले. अनावश्यक औषधे आणि इंजेक्शने टाळणे, रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती त्याच्याच भाषेत देणे, यावर भर होता.

लहान मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम जुलाबांच्या बाबतीत झाले. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे वस्त्यांत जुलाबाच्या साथी येत. सलाईन लावले म्हणजेच उपचार झाला, अशी समजूत होती. बहुतेक रुग्णांना घरी केलेले मीठ-साखरेचे पाणी वेळेवर पाजले तर पुरेसे ठरते, हे शहीद रुग्णालयाच्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जाऊन समजावले. एका पेल्यात तयार होणाऱ्या या उपायाने शरीरातील पाणी आणि क्षार भरून निघतात आणि जुलाबामुळे होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे.

मातेचे दूध : शास्त्र काय सांगते

अंगावर दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत जुलाबापासून बचावाचा याहूनही सोपा मार्ग निसर्गानेच उपलब्ध करून दिला आहे. मातेच्या दुधात बाळाला पहिले सहा महिने लागणारे पाणी आणि जवळजवळ सर्व पोषक घटक असतात. त्यामुळे या काळात वरचे पाणी, मध, गुटी किंवा बाटलीतील दूध देण्याची आवश्यकता नसते. दूषित पाणी आणि अस्वच्छ बाटली हीच जंतूंच्या शिरकावाची प्रमुख वाट असते आणि केवळ अंगावरचे दूध दिल्यास ती बंद होते. स्वच्छ पाण्याचा नळ नसलेल्या वस्तीत या गोष्टीचे मोल अधिकच वाढते.

प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो बाळाला बाधतो, या समजुतीने देशाच्या अनेक भागांत तो काढून टाकला जात असे. प्रत्यक्षात त्यात रोगप्रतिकारक घटकांचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणूनच जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे, सहा महिने केवळ स्तनपान द्यावे आणि त्यानंतर वरच्या आहारासोबत दोन वर्षे किंवा त्यापुढेही ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जुलाबाबरोबरच न्यूमोनिया आणि कानाचे संसर्गही अशा बाळांत कमी आढळतात.

स्तनपानाचा लाभ बाळापुरता मर्यादित नाही. बाळ चोखू लागले की मातेच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, गर्भाशय आकुंचन पावते आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कमी होण्यास मदत होते. रक्तक्षय असलेल्या कष्टकरी स्त्रीसाठी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. स्तनपान देणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगाचा तसेच मधुमेहाचा धोकाही कमी आढळतो. स्तनपानाचे प्रमाण जवळजवळ सार्वत्रिक झाल्यास जगात दरवर्षी पाच वर्षांखालील ८ लाख २३ हजार बालकांचे आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे २० हजार स्त्रियांचे मृत्यू टळू शकतील, असा अंदाज २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत मांडण्यात आला.

मात्र हे सारे घडण्यासाठी आई बाळाजवळ असावी लागते. डोंगरावर खनिज भरणाऱ्या स्त्रीला केवळ उपदेश करून भागत नाही. तिला रजा हवी, त्या काळातील मजुरी हवी, कामाच्या ठिकाणी पाळणाघर हवे आणि पोटभर जेवणही हवे. आरोग्याचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही, हे दल्ली राजहराच्या अनुभवातून स्पष्ट होते.

खाणींच्या यांत्रिकीकरणाबाबत नियोगी यांनी घेतलेली भूमिकाही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. संपूर्ण यांत्रिकीकरण झाल्यास सर्वप्रथम हाताने काम करणाऱ्या मजुरांचा, विशेषतः स्त्रियांचा रोजगार जाईल, हे त्यांनी ओळखले होते. बैलाडिला येथील खाणींत १९७८ मध्ये झालेली कामगारकपात आणि त्यानंतरचा गोळीबार ही घटना त्यांच्यासमोर होती. यंत्राला सरसकट विरोध न करता त्यांनी अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला आणि तो उत्पादनाच्या दृष्टीनेही परवडणारा असल्याचे दाखवून देण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे दल्लीतील हजारो स्त्री-पुरुषांचा रोजगार दीर्घकाळ टिकून राहिला.

भिलाईतील अखेरचे पर्व

१९९० मध्ये नियोगी पुन्हा भिलाईत आले. ज्या शहरात त्यांनी कामगार म्हणून जीवनाला आरंभ केला, तेथेच पोलाद कारखान्याच्या परिसरातील खासगी उद्योगांत हजारो ठेकेदारी कामगार अल्प मजुरीवर राबत होते. त्यांना जगण्यापुरते वेतन आणि नोकरीची शाश्वती मिळावी, ही प्रमुख मागणी होती. आंदोलन करणाऱ्या अनेकांना कामावरून कमी करण्यात आले, काहींवर हल्लेही झाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये नियोगी यांना जुन्या प्रकरणांत अटक झाली आणि काही आठवड्यांनी उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांची सुटका झाली. सप्टेंबर महिन्यात कामगारांच्या शिष्टमंडळासह दिल्लीला जाऊन त्यांनी राष्ट्रपतींना निवेदन सादर केले. आपल्या जिवाला धोका असल्याची जाणीव त्यांना होती.

दिल्लीहून परतल्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ सप्टेंबरच्या पहाटे, भिलाईतील हुडको वसाहतीतील घरात खिडकीतून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या वेळी त्यांचे वय ४८ वर्षे होते. त्यांच्या मागे पत्नी आशा आणि तीन अपत्ये होती. दल्ली राजहरा येथे झालेल्या अंत्ययात्रेस प्रचंड जनसमुदाय लोटला. आंदोलन त्यानंतरही सुरूच राहिले. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अनेकांनी प्राण गमावले.

हत्येच्या खटल्यात दुर्ग येथील सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये आरोपींना दोषी ठरवले. पुढील वर्षी उच्च न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००५ रोजी दिलेल्या निकालात प्रत्यक्ष गोळ्या झाडणाऱ्याला जन्मठेपेची शिक्षा सुनावली आणि इतर आरोपींची मुक्तता कायम ठेवली.

मागे उरलेला वारसा

नियोगी यांच्या निधनानंतरही शहीद रुग्णालयाचे काम थांबले नाही. खाटांची संख्या वाढली आणि दल्ली राजहराबरोबरच आसपासच्या आदिवासी गावांतील रुग्णांसाठी ते मोठा आधार ठरले. ज्या कुसुमबाईच्या मृत्यूमुळे प्रसूतिगृहाचा संकल्प झाला, तिच्यासारख्या असंख्य मातांची सुखरूप प्रसूती तेथे झाली.

दरम्यान, देशातील चित्रही काही अंशी बदलले. बाटलीतील दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने १९९२ मध्ये संमत केला. छत्तीसगडच्या सीमेलगत, महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू घरीच कसे कमी करता येतात, हे दाखवून दिले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. छत्तीसगड राज्याच्या स्थापनेनंतर २००२ मध्ये तेथे मितानिन योजना सुरू झाली. मितानिन म्हणजे मैत्रीण. बाळंतिणीच्या घरी जाऊन चीक पाजण्याचा, केवळ अंगावरचे दूध देण्याचा आग्रह धरणारी ही गावातलीच स्त्री असते. २००५ मध्ये देशभर सुरू झालेल्या आशा कार्यकर्ती योजनेला या अनुभवाचा उपयोग झाला. मातृत्व रजेचा कालावधी २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे करण्यात आला.

असे असले तरी ठेकेदारी पद्धतीने बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर जाणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला ही रजा क्वचितच येते. नागपूर, पुणे, मुंबईच्या बांधकामांवर कडेला झोळीत मूल निजवून घमेली वाहणाऱ्या स्त्रिया आजही दिसतात, आणि त्यांत छत्तीसगडहून आलेल्याही अनेक असतात. मूल रडू लागले की कामावरून खाली उतरण्याची मुभा तिला मिळते की नाही, यावर त्या मुलाचे आरोग्य ठरते.

या प्रश्नाचे उत्तर दल्ली राजहराच्या कामगारांनी आपल्या परीने शोधले होते. एका सहकारी स्त्रीच्या मृत्यूचे दुःख त्यांनी विटा, सिमेंट आणि श्रम यांत रूपांतरित केले. या कार्याला दिशा देणारा नेता भिलाईत मारला गेला, परंतु त्याच्या प्रेरणेने उभे राहिलेले रुग्णालय आजही रुग्णसेवेत आहे.